दादाला जाळं शिकवताना

आमच्या घराला अंगण नव्हतं, जाळी वाळत घालायची जागा होती. बाभळीच्या चार मेढी, त्यांच्यावर आडव्या काठ्या आणि त्यांवर दिवसभर लोंबणारी नायलॉनची जाळी. घरात शिरायचं ते त्यांच्याखालून वाकून. नवखा पाहुणा आला की त्याची टोपी हमखास अडकायची, आणि माय चुलीपाशी बसूनच सांगायची, वढू नका, हळूच सोडवा. टोपीची काळजी तिला नव्हती. जाळं फाटलं की तिलाच शिवावं लागायचं. गाव देगलूरपासून एसटीनं तासाभरावर. शेतकऱ्यांची वस्ती वर, आणि आम्हा भोयांची वीसेक घरं खाली, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, चिकटून. वाऱ्याची दिशा बदलली की वरच्या आळीतल्या बायका नाकाला पदर लावत, आणि दुपारी त्याच बायका मागच्या दारानं भांडं पाठवून मरळ मागवत.

आबांचं, माझ्या वडिलांचं, काम मला फार आवडायचं. दिवस उगवायच्या आत ते तराफ्यावर बसून आत जायचे. थर्माकोलचे तुकडे सिमेंटच्या पोत्यात भरून, दोरीनं आवळून केलेला तो तराफा. आदल्या दिवशी लावलेली जाळी काढून ऊन तापायच्या आत परत यायचे. मग हातपाय धुवायचे, चहा प्यायचे आणि पारावर जाऊन बसायचे. त्यांचं काम तिथं संपायचं. मायचं तिथून सुरू व्हायचं. जाळ्यातून मासे सोडवायचे, मरळ वेगळी, रोहू वेगळा, झिंगे वेगळे. भोयांच्या सोसायटीच्या काट्यावर नेऊन वजन करायचं. जे तिथं घेत नाहीत ते बारीकसारीक टोपल्यात घालून, वर ओलं फडकं टाकून, डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालायचं. कंडक्टर तिला पार शेवटच्या बाकापाशी उभं करायचा. देगलूरच्या बाजारात माय मराठीत भाव सांगायची आणि तेलुगूत घासाघीस करायची. सीमेपलीकडून येणारं गिऱ्हाईक मरळीला कोर्रमीनू म्हणायचं आणि जिवंत आहे का ते बोटानं दाबून बघायचं. बोटांना राख लावून निसटती मरळ धरायची, विळीवर तिचे सारखे तुकडे करायचे, हे तिचं काम बघायला लोक उभे राहायचे. परतल्यावर भाकऱ्या, अंबाडीच्या पाल्यातलं नाहीतर चिंचेतलं कालवण. सगळ्यांची जेवणं झाली की बांबूची सुई घेऊन जाळं विणायला बसायची. तिची बोटं इतकी जलद चालायची की मला गाठ कधी दिसलीच नाही, नुसतं जाळं लांब होताना दिसायचं.

आणि शाळेत गुरुजींनी विचारलं, मंगल, तुझे वडील काय करतात, तर मी म्हणाले होते, मासे धरतात. आई? घरीच असते. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं. आता हे लिहिताना त्या पोरीचा कान धरावासा वाटतो. पण तिला तरी तसं कोणी सांगितलं होतं? आबांना आम्ही अहोजाहो करायचो, मायला अगंतुगं.

तलाव सरकारचा होता, पण त्यात मासे धरायचा ठेका आमच्या भोयांच्या सोसायटीकडे होता. सोसायटीचा सभासद असेल त्यालाच तलावात जाळं टाकता यायचं. घरटी एक सभासद, आणि तो बाप्या. बाईनं तराफ्यावर पाय ठेवला की तलाव आटतो, असं म्हातारे म्हणायचे. तलाव तसाही दर उन्हाळ्यात आटायचाच, पण तेव्हा कुणाचा पाय लागला हे कोणी विचारायचं नाही.

मी सातवीत असताना आबांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी तराफ्याची दोरी सोडायला वाकले आणि तसेच कलंडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. देगलूरचा दवाखाना झाला, नांदेडचा झाला, एका बुवाचं तेलही झालं. हात काही उठला नाही. बालाजीदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो तोवर नांदेडला मामाकडे राहून एका कापडाच्या दुकानात लागला होता. त्याला लहानपणापासून माशाच्या वासानं मळमळायचं. तो चार दिवस राहून गेला. पाचव्या दिवशी मायनं साडीचा काष्टा घातला, मला उठवलं आणि आम्ही दोघी तलावावर गेलो. तिनं तराफ्याला हात लावून नमस्कार केला आणि सरळ चढली. काही झालं नाही. तराफा डुलला, तिनं वल्हं मारलं, आम्ही आत गेलो.

माझी शाळा त्या दिवशी सुटली. कोणी सोडवली असं नाही, मी गेले नाही आणि कोणी विचारलं नाही. त्याबद्दल मला पुढं फार वाईट वाटलं, पण तेव्हा पाण्यावर असण्याचं सुख मोठं होतं. लावायची जाळी मायला जमायची. फेकीचं जाळं मात्र आबांनी मला शिकवलं. ते पाळीवर पोतं टाकून बसायचे आणि डाव्या हातानं खुणा करायचे. दोरी डाव्या मनगटाला, अर्धं जाळं डाव्या कोपरावर, कडेची एक शिशाची गोळी दातात, बाकीचं उजव्या हातात, आणि कमरेतून फिरायचं. हातानं नाही, कमरेतून. माझं जाळं पहिल्यांदा पुरतं गोल उघडून पाण्यावर पडलं तेव्हा आबा तिकडून म्हणाले, "भाकरीवानी पडलं बघ." त्यांनी मला इतकं मोठं शाबासकीचं वाक्य पुन्हा कधी दिलं नाही.

तीन वर्षं आम्ही दोघींनी तलाव केला. बाकीचे लोक आमच्याकडे बघायचे नाहीत. पाण्यावर समोरासमोर आलो तरी ते दुसरीकडे तोंड करायचे, जणू तराफा आपोआप चाललाय. काट्यावर मासे आबांच्या नावानं जायचे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. माझ्या वयाच्या पोरींची लग्नं होऊन राहिली होती. माझी दोन स्थळं परत गेली. पोरगी रोज पाण्यात असते म्हणून हात खरखरीत आहेत, असा निरोप एकीकडून आला होता.

मग ठेक्याचं नूतनीकरण निघालं. सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. ते आबांचे चुलतभाऊ, माणूस वाईट नव्हता. त्यांनी आबांना सांगितलं की जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. खोटे सभासद फार झालेत अशी ओरड आहे, म्हणून एकेकाला जाळं टाकायला लावून बघणार. ज्याला येणार नाही त्याचं नाव कमी. तुमचं तर आता... असं म्हणून ते थांबले. सेक्रेटरी म्हणाले की नावात बदल करायची दरखास्त देता येते, बालाजीच्या नावची द्या, त्याला बोलावून घ्या.

मी जाळ्याला गोळ्या बांधत बसले होते. म्हणाले, "दादाला जाळं येत न्हाई. मला येतं. माझ्या नावची द्या."

सेक्रेटरी हसले नाहीत, त्यांनी मला नीट समजावलं. पोरी, तू आज हायेस, उद्या लग्न होऊन जाशील. मग सभासद कुठं शोधायचा? मी म्हणाले, मग मायचं लिहा. ते म्हणाले, तिचा धनी जिता आहे, धनी असताना बाईचं कसं लिहिणार? मी म्हणाले, पण धन्याचंच तर कमी करायला निघालात. त्यावर त्यांनी आबांकडे बघितलं. मीही बघितलं. मला खात्री होती. ज्या माणसानं पाळीवर बसून मला कमरेतून फिरायला शिकवलं तो काय बोलणार याची मला बिलकुल शंका नव्हती.

आबा म्हणाले, "पोराचंच लिव्हा."

एवढंच. नंतर त्यांनी पाणी मागितलं आणि मायनं आणून दिलं.

दादा तपासणीच्या तीन दिवस आधी आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आल्या आल्या त्यानं अंगावरचा शर्ट काढून खुंटीला लावला, वास लागू नये म्हणून, आणि मायला म्हणाला की दुकानातून मोठ्या मुश्किलीनं सुट्टी मिळाली आहे. मग मायनं मला बाजूला घेतलं. तीन दिवसांत नुसत्या खुणांनी शिकवणं आबांना जमणार नाही, तिला स्वतःला फेकीचं जाळं तितकं येत नाही, तेव्हा हे मलाच करायचं आहे. मी म्हणाले, मी करणार नाही. ती म्हणाली, "तलाव गेला तर तू कुठं जाशील? मी कुठं जाऊ?" मी म्हणाले, त्याला विचार ना, त्याचं नाव लागणार आहे. तिनं दादाच्या हातात जाळं देऊन त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं.

पहिला दिवस कोरड्या जमिनीवर गेला. तो जाळं असं धरायचा जसा कापडाचा तागा धरावा, छातीशी, अलगद. फेकलं की गठ्ठा होऊन पायाशी पडायचं. वीस वेळा, तीस वेळा. त्याला राग यायचा नाही, हीच गोष्ट मला जास्त झोंबायची. तो हसायचा, म्हणायचा, "अवघड हाय बुवा तुमचं काम." तुमचं म्हणाला. मी म्हटलं, मग साहेबाला सांग की आमचं हाय म्हणून. तो म्हणाला, "मी कुठं नाव मागितलं, मंगल? मला बोलावलं म्हणून आलो." ते खरं होतं. माझ्या वाट्याची गोष्ट त्याला नको असताना मिळत होती, आणि मी त्याच्यावर धड चिडूही शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो. इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. दातात धरलेली गोळी फेकताना वेळेवर सोडायची असते. नाही सोडली तर जाळ्याचा सगळा झटका तोंडावर येतो. आबांनी हे मला जाळं हातात द्यायच्या आधी सांगितलं होतं. मी दादाला सांगितलं नाही. विसरले नव्हते. त्यानं गोळी दातात धरली, शिशाच्या चवीनं तोंड वाकडं केलं, मी म्हटलं, आता फिर आणि फेक. जाळं गेलं आणि त्याचा ओठ फाटला. दातसुद्धा हलला. तो पाण्यातच खाली बसला, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, आणि मला वाटलं होतं तसं काहीच बरं वाटलं नाही. माय पाळीवरून धावत आली. हळद दाबताना तिनं एकदाच वर माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. ती बोलली असती तर मी भांडले असते. ती बोलली नाही, आणि त्यानंतर मी त्याला खरंखुरं शिकवायला लागले. त्याचं मनगट धरून, त्याच्या कमरेला हात लावून, फिर, थांब, आता सोड. तिसऱ्या दिवशी कलत्या उन्हाला त्याचं जाळं अर्धंमुर्धं उघडलं. साहेबाला तेवढं पुरेल असं आबा म्हणाले. दादाला सुजलेल्या ओठांनी हसता येत नव्हतं. मी मात्र शिकवणारीला होतो तो आनंद क्षणभर झाला म्हणून स्वतःवरच चिडले.

साहेब जीपमधून आले. सोसायटीनं पाळीवर खुर्ची आणि टेबल मांडलं होतं, बायकांना चहा करायला लावलं होतं. एकेक बाप्या पाण्यात उतरायचा, जाळं टाकायचा, साहेब कागदावर खूण करायचे. त्यात दोघेतिघे असे होते की त्यांची जाळी त्यांच्या बायकांनी विणलेली, बायकांनी शिवलेली आणि बायकांनीच उचलून आणलेली. ते मोकळ्या हातानं आले आणि मोकळ्या हातानं परत गेले. दादाचा नंबर आला. पहिल्यांदा गठ्ठा. दुसऱ्यांदाही गठ्ठा. तिसऱ्यांदा उघडलं. साहेबांना पोरगा आवडला असावा, स्वच्छ, शिकलेला, नीट बोलणारा. त्यांनी विचारलं, "कोणाकडून शिकलास?"

दादा म्हणाला, "वडिलांकडून, साहेब."

मी चहाचं ताट धरून उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "मी शिकवलं. तीन दिवसांत."

मायनं मागून माझा दंड पकडला. नखं रुतली. सेक्रेटरी खाली बघायला लागले. पुढं काय होईल याची सगळ्यांना भीती वाटली. तीन दिवसांत शिकला म्हणजे मासेमार नव्हे, हे साहेबांना कळायला पाहिजे होतं, त्यासाठीच तर ते आले होते. मलाही भीती वाटली. मी बोलले ते सगळं बुडवायला की वाचवायला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण साहेब हसले. बहीण चेष्टेखोर आहे म्हणाले, आणि त्यांनी दादाच्या नावापुढं खूण केली.

मी ताट खाली ठेवलं. दादाच्या हातातलं ओलं जाळं घेतलं, गुडघाभर पाण्यात गेले, गोळी दातात धरली आणि फेकलं. त्या दिवशी पडलं तसं जाळं माझ्या हातून नंतर फार थोड्या वेळा पडलं असेल. पुरतं गोल, कडेच्या सगळ्या गोळ्या एकाच वेळी पाण्याला लागल्या, एकच आवाज आला. मी ओढून काढलं, त्यात दोन रोहू होते. वळून बघितलं. साहेब म्हणाले, "वा!" मग पाळीवर पोत्यावर बसलेल्या आबांकडे वळून म्हणाले, "पोरगी कामाची आहे. हिच्यासाठी चांगलं घर बघा." आणि पेनाचं टोपण लावलं.

चांगलं घर बघितलं गेलं. रेणापूरकडच्या एका तलावावरच्या भोयांत मला दिली. तिथंही जाळं मी टाकलं, नाव नवऱ्याचं होतं. माणूस चांगला होता. तो गेल्यावर वारस म्हणून माझं नाव तिथल्या सोसायटीच्या यादीत लागलं. मासे धरणारी म्हणून माझं नाव कागदावर यायला मला आधी विधवा व्हावं लागलं. आता लोक म्हणतात, काळ बदलला, बायकांचीसुद्धा नावं लावतात. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या बैठकीला मी गेले, तर मला पाहून चेअरमन म्हणाले, बरं झालं आलात, चहाचं जरा बघता का? मी खुर्चीवर बसून राहिले. चहा उशिरा आला.

साहेब गेल्यावर त्या दुपारी दादा निघाला. मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले, मायनं पाठवलं म्हणून. अर्ध्या वाटेपर्यंत तो माझ्या पुढं चालत होता. मग म्हणाला, "मंगल, नाव नुसतं कागदावर हाय. सगळं तुमचंच हाय, तुझं नि मायचं."

मी म्हणाले, "मग तसं लिहून दे. पेन हाय ना खिशाला."

त्यानं खिशाकडे बघितलं. मला वाटतं, एका क्षणापुरता तो खरंच विचार करून राहिला होता. मग म्हणाला, असं माझ्या लिहिण्यानं काय होतंय, आबांना वाईट वाटेल, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, माझ्या वाईट वाटण्याचं काय? एसटी आली. खिडकीतून त्यानं हात केला. मी केला नाही.

घरी आले तेव्हा माय लावायची जाळी पाटीत भरत होती. मी म्हणाले, मी येणार नाही, ज्याचं नाव आहे त्यानं यावं. ती पाटी उचलून एकटीच निघाली. मी दारात उभी राहून बघत होते. आबा दोन्ही एकट्यानं करायचे, आम्हा दोघींत ते वाटलेलं होतं. एकीनं वल्हं मारायचं, दुसरीनं जाळं सोडायचं. तिनं काठावर दोरी सोडली, जाळं मांडीवर घेतलं, वल्हं उचललं, जाळं घसरलं, ते धरायला गेली तर तराफा फिरला. दोनदा तसं झालं. तिनं मागं वळून बघितलं नाही, मला हाक मारली नाही. तिसऱ्यांदा फिरला तेव्हा मी गेले आणि चढून वल्हं घेतलं. बराच वेळ आम्ही जाळं सोडत होतो. मग ती म्हणाली, माझ्याकडे पाठ करूनच, "मला बी राग येतो, मंगल. पर तो घिऊन पाण्यावर बसता येत न्हाई, तराफा कलतो." मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. तिनं तो राग काठावर ठेवला तो कायमचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यात चांगल्या मोठ्या मरळी लागल्या होत्या. अजून जिवंत होत्या, टोपल्यात आपटत होत्या. आम्ही दोघींनी टोपलं काट्यावर नेऊन ठेवलं. सेक्रेटरींनी सवयीनं विचारलं, कोणाचा माल? इतकी वर्षं मी न थांबता आबांचं नाव सांगत आले होते. त्या दिवशी माझं तोंड उघडलंच नाही. सेक्रेटरींनी वर बघितलं. मागं दोघं उभे होते, तेही थांबले.

"बालाजीचा," मायनं सांगितलं.

बालाजी त्या वेळी नांदेडला दुकान उघडून ताग्यांवरची धूळ झटकत असेल.